शेगुलाबाईंचे फुटाणे

“एक उत्तर दाखवा. एक. या अख्ख्या वहीत एक उत्तर दाखवा मला, मी आत्ता इथं मुकादमकी सोडतो.”

मुकादम ओरडत होते. ते ओरडले की परळच्या आमच्या गल्लीमागच्या गिरणीचा भोंगा लाजून दोन मिनिटं उशिरा वाजायचा. त्यांच्या हातात तांबड्या पुठ्ठ्याची लांबोडी वही होती आणि पानं अशी फडफडत होती की कोपऱ्यातली मेणबत्ती दोनदा विझली. डाव्या पानावर प्रश्न, त्याखाली विचारणाऱ्या पोराचं नाव. उजवं पान कोरं. पुढचं डावं पान भरलेलं, उजवं कोरं. चार वर्षांची वही, आणि उजवीकडे शाईचा ठिपका नाही.

“हे बघा. ‘हाबेल मेला त्या दिवशी त्याच्या मेंढ्यांना चारा कुणी घातला?’ हे धर्मशिक्षण आहे? ‘देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला, मग आठव्या दिवशी काय केलं?’ आणि हे. ‘प्रलयात मासळीला शिक्षा का नाही झाली? फ्लोरी, वय नऊ.’ कोण ही फ्लोरी?”

ती फ्लोरी मी. मी तेव्हा दाराआड होते, माझ्याबरोबर वर्गातली बाकीची पोरंही होती, आणि सगळ्यात पुढं फटीला डोळा लावून मुकादमांचा स्वतःचा नातू दनी होता, वय सहा.

शेगुलाबाई समोर चहाच्या उलट्या खोक्यावर बसल्या होत्या. वर्गाला खुर्ची नव्हती, आणि असती तरी त्या खोक्यावरच बसल्या असत्या. त्यांनी पदर सारखा केला, मुकादमांचा दम संपेपर्यंत वाट पाहिली आणि शांतपणे विचारलं, “मुकादमसाहेब, उत्तर मिळालं, तर तुम्ही त्याचं काय करणार?”

मुकादम तांबड्याचे जांभळे झाले.

आता, मी तिखटमीठ लावून सांगते असा माझ्यावर आरोप आहे. असेल. मीठ नसलेलं जेवण आजाऱ्याला देतात, आणि तुम्ही मला धडधाकट दिसता. पण शेगुलाबाईंच्या बाबतीत मी जे कमी करून सांगते ते लोकांना जास्त वाटतं, याला माझा इलाज नाही.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे यहुदी, पण कोकणातले. पूर्वजांचं गलबत म्हणे किनाऱ्याला फुटलं, पोथ्या बुडाल्या, माणसं वाचली, ती तेल गाळायला लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनवार तेली. पुढं त्यांतली बरीच मुंबईत आली. परळला आमचं छोटं प्रार्थनास्थळ होतं. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणायची, आम्हीही म्हणायचो. तिचा कारभार बघणारे ते मुकादम. तिच्या माळ्यावर दर रविवारी सकाळी पोरांचा वर्ग भरायचा, तो शेगुलाबाईंचा. आठवडाभर त्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत बेरीज-वजाबाकी शिकवायच्या. तिथं उत्तरं द्यावी लागतात, म्हणून बहुधा रविवारी त्या प्रश्नांचा उपास सोडायच्या.

कारण या बाईनं हयातीत कुणाला सरळ उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नव्हतं. ट्रामच्या कंडक्टरनं विचारलं, “कुठं उतरणार?” तर या, “गाडी कुठवर जाते?” तो म्हणाला, “तुम्हांला कुठं जायचंय त्यावर आहे.” या म्हणाल्या, “असं कसं? माझ्यावर असतं तर तुम्ही विचारलं कशाला असतं?” ती ट्राम म्हणे दादरच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली, तीनदा, तिकीट न फाडता. शेवटी बाई परळला उतरल्या आणि कंडक्टर रजेवर गेला.

वर्गात त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायच्या. “आणखी?” गोष्ट सांगायच्या, आब्राहामाची, योसेफाची, मोशेची, आणि नेमक्या जागी थांबायच्या. मग हात गुडघ्यावर ठेवून आमच्याकडे बघायच्या. कुणीतरी काहीतरी विचारायचं. “आणखी?” दुसरा विचारायचा. “आणखी?” मांडीवर फुटाण्यांची कागदी पिशवी असायची. ज्याचं उत्तर सगळ्यांना येतं असा प्रश्न विचारला तर एक फुटाणा. ज्याचं उत्तर निम्म्यांना येतं त्याला तीन. आणि ज्याचं उत्तर कुणालाच, अगदी बाईंनाही येत नाही, त्याला मूठभर आणि वहीत जागा. “उत्तर सापडलं की येऊन उजव्या पानावर लिही,” त्या सांगायच्या. मासळीच्या प्रश्नाला मला मूठभर मिळाले होते. घरी जाऊन तोच प्रश्न मी आजीला विचारला. आजीनं हातातलं पापलेट खाली ठेवलं आणि आठवडाभर आमच्या घरात वरणभात झाला. माझे वडील मुकादमांकडे तक्रार घेऊन गेले ते त्यामुळे. धर्मावर त्यांचा राग नव्हता, वरणावर होता.

बाईंना कुणी विचारलं की हे खूळ तुमच्या डोक्यात कुठून आलं, तर काय म्हणणार, प्रश्नच. पण एकदा, वर्ग झाडताना, त्या आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या होत्या, “लहानपणी वडिलांना एक विचारलं होतं. म्हणाले, मोठी झालीस की कळेल. मोठी झाले. नाही कळलं. आता वडील नाहीत. मग कुणाला विचारायचं?” आणि केरसुणी अशी आपटली की माळ्यावरचे उंदीर कायमचे लालबागला राहायला गेले.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमच्या भागात भिंत अशी नव्हती जिच्यावर घोषणा नव्हती. मोर्चा, हरताळ, अश्रुधूर, आणि मग संचारबंदी. अशाच एका रविवारी परळ-लालबागला चिटपाखरू बाहेर नव्हतं. आम्ही मशिदीला लागून असलेल्या चाळीतली चार पोरं मागच्या जिन्यानं माळ्यावर आलो होतो, वर्ग नाही याची खात्री करून आनंद साजरा करायला. तर बाई आल्या. लालबागच्या खोलीतून चालत. आणि मागून एक हवालदार, बगलेत लाठी, हातात बाईंची पिशवी.

वाटेत काय झालं ते मला हवालदारानंच सांगितलं, की मीच पुढं जुळवलं, ते आता आठवत नाही. नाक्यावर त्यानं अडवलं.

“बाई, कर्फ्यू आहे. कुठं निघालात?”

“कर्फ्यू कुणासाठी असतो, हवालदार?”

“लोकांसाठी.”

“तुम्ही लोक नाही?”

हवालदारानं म्हणे स्वतःच्या पट्ट्याकडे बघितलं.

“गाव कुठलं?” बाई.

“सातारा.”

“पोरं?”

“दोन हायत.”

“थोरल्यानं तुम्हांला शेवटचं काय विचारलं?”

त्यानं लाठी या बगलेतून त्या बगलेत घेतली. मग म्हणाला, “इचारत हुता, आबा, तुमी कुणाच्या बाजूचं.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हनलं, गप जेव.”

बाईंनी पिशवी त्याच्या हातात दिली आणि चालायला लागल्या. तो मागोमाग. वर्ग संपेपर्यंत दाराशी लाठी टेकवून बसला आणि फुटाणे खात होता. हा सगळा संवाद खोटा म्हणायचा तर म्हणा, पण वहीतलं पान मी डोळ्यांनी पाहिलंय. “आबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे? हवालदारांचा थोरला, सातारा.” उजवं पान कोरं.

याचा उपद्रव बाहेरच्यांनाही व्हायला लागला. आमच्या चाळीत तात्या सावंत होते, गिरणीत कामगारांवरचे जॉबर, मालवणकडचे, आणि मोर्च्यात घोषणा देण्यात त्यांचा हात, म्हणजे गळा, कुणी धरू शकत नसे. चाळीतली झाडून सगळी पोरं त्यांच्यामागे. आम्हीही. एका सकाळी ते थेट वर्गात शिरले.

“बाये, तुमची ही पोरां माझ्या मोर्च्यात नको.”

“का हो तात्या? ओरडत नाहीत?”

“ओरडतत. पण माका सांगा, मी म्हटलंय, ‘मुंबई कोणाची?’ दोन हजार माणूस म्हणता, ‘आमची’. बरोबर? आणि ही फ्लोरी माझो सदरो ओढून इचारता, ‘तात्या, आमची म्हणजे कोणाकोणाची?’ मी म्हटलंय, गप गो. तर मागचो भय्या दूधवालो म्हणता, ‘हां तात्या, बच्ची ठीक पूछती है.’ मगे तो कोकणी मुसलमान खलाशी थांबलो. मगे वरळीच्या बीडीडी चाळीतले दोघे आंबेडकरवाले थांबले, ते म्हणाले, ‘होय तात्या, सांगाच एकदा, आमची म्हणजे कोणाची.’ अर्धो मोर्चा रस्त्यात बसान चर्चा करूक लागलो. पोलीस उभे ऱ्हवान कंटाळले आणि चाय पिऊक गेले.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?” बाईंनी विचारलं.

तात्या डोकं खाजवत उभे राहिले. “सांगलंय, जो हय घाम गाळता तेची.”

“आणखी?”

“आणखी काय?” तात्या म्हणाले, आणि मग चक्क चहाच्या खोक्याशेजारी मांडी घालून बसले. त्या दिवशी मोशे आणि फारोची गोष्ट चालली होती. विटा पाडणाऱ्या गुलामांना मिसर देशाचा राजा फारो मातीत मिसळायचं गवत देणं बंद करतो आणि विटा मात्र तेवढ्याच मागतो, हे ऐकल्यावर तात्यांनी मांडीवर थाप मारली. “ह्यो आमचो मॅनेजर,” ते म्हणाले. “नाव काय म्हटलास त्याचा?” पुढच्या मोर्च्यात त्यांनी फारोविरुद्ध घोषणा दिली. लोकांनी ती दिलीही. फारो कुठल्या पक्षाचा, एवढंच दोघातिघांनी विचारलं.

पण बाई नुसत्या गंमत करत होत्या असं कुणी समजू नये. एका रविवारी त्यांनी कोकणातल्या आत्याकडून एक जुनी चिनी मातीची बरणी आणली. रिकामी. मधे ठेवली.

“ही कशाची?”

ते सगळ्यांना माहीत होतं. एक फुटाणा. अनशीची. अनशी म्हणजे आंबट कालवण, जुन्या घरांतून बरणीत भरून ठेवलेलं असायचं. चैत्राच्या सुमारास आमचा जो आठ दिवसांचा सण येतो, वल्हांडण, त्याला जुन्या बायका वल्हांडण म्हणतच नसत. ‘अनशी ढाकायचा सण’ म्हणायच्या. त्या दिवशी बरणी झाकायची, आठ दिवस हात लावायचा नाही, नवव्या दिवशी उघडायची.

“का झाकायची?”

आता कुणाला येईना. मी म्हटलं, उंदरांसाठी. दुसरा म्हणाला, आजी चिकट असते म्हणून. बाईंचं चाललंच होतं, “आणखी? आणखी?” तासभर झाला. पहिल्यानंतर एकही फुटाणा कुणाला मिळाला नव्हता. मग रिबेका बोलली. ही मुलगी वर्गात चार-चार रविवार तोंड उघडत नसे, तिला मुकी समजून एकदा तिचा मामा नवस बोलला होता.

“बाई,” ती म्हणाली, “मिसरातून लोक पळाले तेव्हा पीठ आंबायला वेळ नव्हता ना. म्हणून आपण त्या आठ दिवसांत पाव खात नाही. तो आंबतो म्हणून.”

“मग?”

“अनशीपण आंबते.”

रिबेका बरणीकडे बघत होती. “पण आपल्या लोकांच्या तर पोथ्या बुडाल्या होत्या. त्यांना मोशेची गोष्टच माहीत नव्हती. तरी बरणी झाकायचे. मग बाई, पोथी नव्हती तेव्हा बरणीच पोथी होती का?”

बाईंनी अख्खी पिशवी तिच्या ओटीत रिकामी केली. मग खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून बराच वेळ नाक शिंकरलं. मी घरी येऊन आजीला अनशीचं सांगितलं. साठ वर्षं बरणी झाकणारी माझी आजी चुलीतलं लाकूड मागं ओढून बसली. मग म्हणाली, “मला कुणी सांगितलंच नाही गो. नि मी विचारलंही नाही.”

तर असा हा वर्ग, आणि तो मुकादमांना बंद करायचा होता.

त्या दिवशी दाराआडून आम्ही पाहिलं, जांभळे झालेले मुकादम अचानक खाली बसले. आवाज इतका खाली आला की आम्हांला श्वास रोखावे लागले.

“शेगुलाबाई, माझ्या थोरल्याचं पत्र आलंय तिकडून.” थोरला दोन वर्षांपूर्वी इस्राएलला गेला होता. आमच्यातली बरीच घरं तेव्हा जात होती. दर महिन्याला वर्गातलं एखादं पोर कमी व्हायचं. “कचेरीत त्याला विचारलं, तुम्ही खरे यहुदी कशावरून? हिंदुस्थानातले, तुमच्या बायका साडी नेसतात, तुम्ही खरे कशावरून? माझा पोरगा दोन तास घाम पुसत उत्तरं देत होता. तिकडं मासळीला शिक्षा झाली का, हे नाही विचारणार कुणी. माझ्या नातवाला कुणी काही विचारलं की घडाघडा यायला पाहिजे. समजतंय तुम्हांला?”

बाईंचा चेहरा मऊ झाला होता. पण त्या म्हणाल्या, “आणि नातवाला त्यांना काही विचारायचं असलं तर?”

मुकादम उठले ते पुन्हा पूर्ण आवाजात. त्यांनी पैज लावली. वल्हांडणाच्या संध्याकाळच्या जेवणात घरातल्या सगळ्यात लहान पोरानं चार ठरलेले प्रश्न विचारायचे असतात, इब्रानीत, म्हणजे हिब्रूत, ही आमची जगभरची रीत. यंदा सगळ्या जमातीचं जेवण मशिदीत होतं. सगळ्यात लहान दनी. तो ते चार प्रश्न एकदाही न अडखळता म्हणाला, तर वर्ग बाईंचा. अडखळला, तर दुसऱ्या रविवारपासून वर्ग हझानकडे, म्हणजे प्रार्थना म्हणवून घेणाऱ्या आमच्या बुवांकडे. हझान पाठांतराचे शौकीन होते. त्यांच्या छडीला आम्ही पोरं अकरावी आज्ञा म्हणायचो.

बाई पाठ करून घेतील असं आम्हांला वाटलं. कसलं काय. पहिल्या रविवारी त्यांनी दनीला विचारलं, “सणाच्या दिवशी घरात तुला काय वेगळं दिसतं?” दनी म्हणाला, “काही नाही.” “आणखी?” “काहीच नाही.” दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. दनीनं पाऊण तास विचार करून सांगितलं, “बाई, तुमच्या दोन चपला वेगवेगळ्या आहेत.” त्या खरोखर होत्या. त्याला मूठभर मिळाले, आणि आम्ही बोटांवर उरलेले रविवार मोजले.

शेवटी मीच कंबर कसली. शाळेतून आलं की दनीला जिन्यावर बसवायचं, आणि चारही प्रश्न, एकेक शब्द, शंभरदा. चुकला की वर उगारायला माझ्या हातात आईचं लाटणं. मी असा वर्ग चालवला की हझाननं येऊन शिकावं. पंधरा दिवसांत पोरगं झोपेत म्हणायला लागलं. सणाच्या आदल्या रविवारी मी त्याला ऐटीत बाईंपुढं उभं केलं. त्यानं धाडधाड म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “फ्लोरी, जिन्यावर हातात काय असायचं तुझ्या?”

“लाटणं.”

“कशाला?”

मी हात पाठीमागं नेला. बाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी दनीला जवळ ओढलं. “हे चार फार जुन्या पोरांचे,” त्या म्हणाल्या. “यांत तुझा कुठला?”

दनी म्हणाला, “माझा नाही यांत.”

“मग तुझा कधी विचारणार?”

सणाच्या सांजेला माळ्यावर पांढऱ्या चादरी पसरल्या होत्या. या जेवणाला लागणारी द्राक्षाची दारू आम्ही करत नसू. काळ्या मनुका भिजवून त्यांचं शरबत, ते मोठ्या पितळी भांड्यात. टोप्या घातलेले पुरुष, शेंगदाण्याच्या रंगाची आयांची हातमागाची लुगडी, आणि सगळ्यांच्या पुढं मुकादम. दनीला चहाच्या खोक्यावर उभं केलं. मी त्याच्यासमोर बसले होते, आणि सवयीनं माझा हात लाटणं शोधत होता.

दनीनं चारही प्रश्न म्हटले. अडखळला नाही. एका श्वासात नाही, दोन श्वासांत, पण अडखळला नाही. मुकादमांची छाती अशी फुगली की कोटाचं बटण उडून हझानच्या शरबतात पडलं. ते पैज हरले होते आणि हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. बाई मागं बायकांत बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

दनी खोक्यावरून उतरला नाही.

“आजोबा, माझा एक आहे. विचारू?”

“विचार की, राजा.” मुकादम त्या क्षणी चंद्र मागितला असता तर तोही देते.

“या जेवणाच्या शेवटी आपण म्हणतो ना, ‘पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये’. दर वर्षी नुसतं म्हणतो. पण या वर्षी आपण खरंच चाललोय. ट्रंका पलंगाखाली आहेत. मग पुढच्या वर्षी इथं या खोक्यावर कोण उभं राहणार?”

मुकादम जाणार, हे कुणाला माहीत नव्हतं. कागद येऊन महिना झाला होता आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळी जमात त्यांच्याकडे बघायला लागली. मुकादमांनी तोंड उघडलं. आम्ही पोरांनी सवयीनं कानांवर हात ठेवले. आवाज आला नाही. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, आणि मान वळवून मागं बायकांत बघितलं.

“शेगुलाबाई,” ते म्हणाले, अगदी साध्या माणसाच्या आवाजात. “याला काय सांगू?”

बाई उठल्या. पितळी भांड्यातून शरबत काढून तळाशी राहिलेल्या भिजल्या मनुका होत्या, त्यांतून त्यांनी मूठ भरली. सणात फुटाणे कुठून आणणार. सगळ्या माणसांतून चालत पुढं गेल्या आणि ती मूठ मुकादमांच्या तळहातावर रिकामी केली. मोठ्यांना काही उमगलं नाही. आम्हांला, खाली बसलेल्या सात पोरांना, लख्ख उमगलं. मुकादमांनी हाताकडे पाहिलं आणि एकेक मनुका खायला लागले, शेवटची संपेपर्यंत.

पुढच्या रविवारी वही बघितली. डाव्या पानावर दोन नोंदी होत्या. पहिली दनीची. दुसरी, “याला काय सांगू? मुकादम.” वय लिहायची जागा बाईंनी सोडली होती.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली त्याच आठवड्यात मुकादम मुंबई सोडून गेले. रस्त्यांवर कमानी, दिव्यांच्या माळा, तात्या सावंतांचा आवाज बसलेला. पेढे वाटायचे म्हणून त्यांनी गल्लीतल्या गायीलाही पेढा दिला. आम्ही तसेच कमानींखालून बंदरावर गेलो, बॅलार्ड पिअरला. बाईही आल्या होत्या, पायांत दोन्ही चपला सारख्या. दनीनं नवा कोट घातला होता, पुढची तीन वर्षं पुरेल असा, त्यामुळे आत दनी आहे हे हात लावून बघावं लागत होतं.

“बाई, तिकडं मला उत्तर सापडलं तर?” त्यानं विचारलं. “वही इथं राहणार ना?”

“टपाल कशासाठी असतं?” बाई म्हणाल्या, आणि त्याच्या कोटाच्या दोन्ही खिशांत फुटाणे भरले.

मुकादम शिडीपाशी थांबले होते. ते चार पावलं मागं आले. टोपी काढली, पुन्हा घातली. “शेगुलाबाई, इथं आता कोण राहणार? चार घरं. या फ्लोरीचा बाप गिरणी सोडत नाही म्हणून ते, आणि आणखी तीन. मी तिकडून पत्र टाकतो, कागदांचं बघतो, सगळं करतो. तुम्ही कधी निघताय?”

आम्ही उरलेली पोरं जवळ सरकलो. कंडक्टर, हवालदार, तात्या, सगळ्यांचं जे झालं ते आता मुकादमांचं होणार, आणि या वेळी प्रश्न कुठला येतो ते आम्हांला ऐकायचं होतं. बाईंनी पिशवीतले उरलेसुरले फुटाणे चाचपले, पिशवीचं तोंड दुमडलं.

“रविवारी वर्ग असतो,” त्या म्हणाल्या.